हत्यारांची पारख

एका वाहन-दुरुस्तीशाळेच्या कोठाराची व्यवस्था माझ्याकडे असताना, किमान दराच्या निविदेने मंजूर होऊन आलेल्या लखलखीत पान्यांपैकी 17 मिलिमीटरचा दुतोंडी पाना गंजलेल्या नटाला लावून आमच्या जुन्या मिस्त्रींनी जोर दिला, तोच पान्याचा जबडा फाकला, नटाचे कोपरे झिजून गोल झाले आणि मिस्त्रींच्या बोटांची सालटी चेसिसच्या कडेवर सोलून निघाली. तो नट अखेर छिन्नीने तोडावा लागला. गाडी दिवसभर अडून राहिली आणि खरेदीत वाचलेली रक्कम त्या एका खोळंब्यातच खर्ची पडली.

क्रोमचा मुलामा हत्यारास गंजापासून वाचवितो. बळ मात्र पोलादाची जात, घडाई आणि त्यास दिलेले पाणी यांतूनच येते. पाणी कमी पडले तर जबडा फाकतो, अधिक झाले तर तो काचेसारखा तडकतो, आणि हा दुसरा दोष डोळ्यांच्या दृष्टीने अधिक घातक होय. अंगावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे उमटविणे कोणासही शक्य असल्यामुळे केवळ तेवढ्यावर विसंबू नये. खरेदीस जाताना 8 मिलिमीटर व्यासाचा एक कोरा बोल्ट खिशात असावा. त्याच्या षट्कोनी डोक्यास 13 चा पाना लावून हलवून पाहिला असता, तो सहज बसूनही डुगडुगत नसेल आणि जबड्याच्या दोन्ही आतील बाजू समांतर असतील, तरच तो घेण्याजोगा समजावा. पक्कड उजेडासमोर मिटून धरावी. कापणाऱ्या धारांमधून प्रकाशाची रेघ दिसली, तर त्या पकडीने बारीक तार कधीही स्वच्छ तुटणार नाही.

कंपन्यांविषयी विचाराल, तर 1969 साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू करणाऱ्या नाशिकच्या टपारियाची पक्कड आणि जे. के.ची कानस यांवर माझा भरवसा आहे. तथापि एका जिनसाची कीर्ती त्याच नावाच्या दुसऱ्या जिनसास लावणे मला सर्वथा अमान्य आहे. पक्कड उत्तम करणाऱ्याचा पेचकसही तितकाच उत्तम असेल असे नव्हे, सबब प्रत्येक हत्याराची खातरजमा स्वतंत्रपणे करावी. नामांकित शिक्क्याचा नकली मालही बाजारात येतो. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्की पावती घ्यावी.

नवशिक्या कारागिराने मोठा संच घेण्याच्या मोहात न पडता 10–11, 12–13, 16–17 आणि 18–19 एवढेच रिंग पाने प्रथम चांगल्या प्रतीचे घ्यावेत. आवळलेला नट सैल करताना रिंगचा दाब सर्व कोपऱ्यांवर विभागला जातो, तर उघड्या तोंडाचा भार दोनच कोपऱ्यांवर पडतो. म्हणून उघडा पाना नट सुटल्यानंतर भराभर फिरविण्यापुरताच हाती धरावा.