शिवलेली नस जुळली का? : मज्जातंतूंच्या दुरुस्तीनंतरचे चित्रण

वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसंख्येच्या तक्त्यांसोबत एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याचा प्रघात आमच्या रुग्णालयाने पाळला आहे. यंदाचा विषय विश्वस्त मंडळाच्या बैठकीतच सुचला. हितचिंतकांच्या देणगीतून सोनोग्राफी यंत्रास उच्च कंप्रतेचा एक नवा प्रोब जोडण्यात आला. पोट तपासण्यास जुना प्रोब पुरेसा असताना हा कशासाठी, अशी रास्त पृच्छा तेथे झाली. उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक वाटते, कारण त्या उत्तरात आमच्या हातून राहून गेलेल्या एका गोष्टीचाही समावेश आहे.

‘नस कापली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या एका शब्दात मनगटातील तीन निरनिराळ्या वस्तू येतात. पहिली रक्तवाहिनी, ती तुटली की रक्त वाहते आणि घरचे लोक धावत येतात. दुसरी कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ बोटापर्यंत पोहोचविणारी दोरी. तिसरा मज्जातंतू, जो स्पर्शाची वार्ता मेंदूकडे नेतो व मेंदूची आज्ञा स्नायूकडे आणतो. रक्त थांबले, कंडरा शिवली, बोटे वाकू लागली की रुग्ण बरा झाला असे सर्वांस वाटते. मज्जातंतूची कथा मात्र त्यानंतरच सुरू होते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, या दुखापतींची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. डाव्या हाताने ऊस धरावयाचा व उजव्या हातातील कोयत्याने बुडाशी घाव घालावयाचा, अशी ही मेहनत असल्याने निसटता घाव बहुधा डाव्या मनगटावर वा पंजावर बसतो. त्याखेरीज कडबाकुट्टीचे यंत्र, फुटलेली काच आणि संक्रांतीच्या दिवसांतील मांजा आहेतच.

मज्जातंतू तुटल्यावर काय घडते, हे ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेतील तंतूंवर प्रयोग करून १८५० मध्ये दाखविले. जखमेच्या पलीकडील तंतू, म्हणजे बोटांकडील भाग, काही दिवसांत विघटित होतो. त्याची आवरणे तेवढी रिकाम्या नळ्यांप्रमाणे शिल्लक राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने दोन टोके जोडणे, एवढेच शल्यचिकित्सकाच्या हाती असते. त्यानंतर अलीकडील टोकातून नवे अंकुर फुटून त्या नळ्यांत शिरावे लागतात, आणि त्यांची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असते. महिन्याला जेमतेम तीन सेंटिमीटर! मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने. कोपराजवळील जखमेपासून पंजातील लहान स्नायूंपर्यंत दहा महिने वा अधिक.

स्नायू मात्र अनंत काळ वाट पाहत नाही. आज्ञा न मिळाल्यास तो झिजत जातो आणि साधारण बारा ते अठरा महिन्यांनंतर तंतू येऊन पोहोचला तरी त्यास फारसा प्रतिसाद देत नाही. येथे वाचकांनी थोडे गणित करून पाहावे. कोपराजवळील जोड निकामी ठरला आहे हे तिसऱ्या महिन्यात कळले व चौथ्या महिन्यात पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तर नवा अंकुर पंजात चौदाव्या महिन्यात पोहोचतो. म्हणजे जेमतेम वेळेत. तेच दहाव्या महिन्यात कळले, तर काहीही केले तरी उशीरच होतो. जोड पहिल्या दिवशी कसा दिसला यापेक्षा तो तिसऱ्या महिन्यात कसा आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. पण एका ऊसतोड भगिनीने ते आम्हांस खऱ्या अर्थाने शिकविले. काही वर्षांपूर्वी हंगामाच्या आरंभी कोयता लागून तिच्या डाव्या मनगटातील कंडरा व मध्य मज्जातंतू तुटला होता. दोन्ही शिवण्यात आले, प्लास्टर निघाले, आणि तिला ‘तीन महिन्यांनी दाखवा’ असे सांगण्यात आले. ते सांगणे डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेले होते. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला. ती कामावर परत गेली. पुढच्या दिवाळीत ती आली तेव्हा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा पूर्ण बसला होता आणि तर्जनीवर भाकरीच्या तव्याचे डाग होते. चटका बसल्याचे तिला कळतच नव्हते. तपासणीत शिवलेल्या जागी तंतूची गाठ झालेली आढळली. अंगठा फिरविण्यासाठी दुसरी कंडरा वळवून लावण्याची शस्त्रक्रिया पुढे झाली व तिचा उपयोगही झाला. स्पर्श मात्र परत आला नाही. तिने हलगर्जी केली असे त्या वेळी आमच्यापैकी काहींनी म्हटले होते. आज तसे म्हणण्यास आम्ही धजावत नाही.

तर मग तिसऱ्या महिन्यात पाहावयाचे काय? सर्वांत जुनी कसोटी केवळ बोटाने ठोकण्याची आहे. मज्जातंतूच्या मार्गावर हलकेच ठोकत गेल्यास जेथे नवे अंकुर पोहोचले आहेत तेथे रुग्णास बोटांत मुंग्या आल्यासारखे वाटते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनीत हॉफमन यांनी व फ्रान्समध्ये टिनेल यांनी परस्परविरोधी बाजूंना राहून ही खूण स्वतंत्रपणे नोंदविली. मुंग्यांची जागा दर महिन्यास पुढे सरकली तर शुभचिन्ह. जखमेच्या व्रणावरच अडून राहिली तर काळजीचे कारण. मात्र ती का अडली, हे ठोकून कळत नाही. येथे नव्या प्रोबचे काम सुरू होते.

पोटाच्या तपासणीतील ध्वनिलहरी सुमारे तीन ते पाच मेगाहर्ट्झच्या असतात. त्या खोलवर जातात, पण बारकावा दाखवीत नाहीत. बारा ते अठरा मेगाहर्ट्झच्या लहरी फार खोल जात नसल्या तरी कातडीखालील मज्जातंतू स्पष्ट दाखवितात. आडव्या छेदात निरोगी मज्जातंतू मधाच्या पोळ्यासारखा दिसतो: काळसर ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे व त्यांभोवतीची उजळ जाळी म्हणजे आवरण. शेजारची कंडरा बोट हलविताच सरकते, म्हणून दोहोंत गल्लत होत नाही. दुरुस्तीच्या जागी थोडा फुगवटा असणे अपेक्षितच असते व त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु टोकांमध्ये फट पडलेली असेल, किंवा कांद्यासारखी गाठ होऊन जुडग्यांची रेषा तेथेच हरवत असेल, किंवा व्रणाने तंतूस आवळले असेल, तर ते डोळ्यांस दिसते. त्यासाठी रुग्णास चिरावे लागत नाही.

एकेकाळी मज्जातंतूच्या आत डोकावण्यास तुकडा काढून घेण्याखेरीज मार्ग नव्हता. पुण्याजवळील कोंढवा येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागलेले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभारणारे डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या अभ्यासास आयुष्यातील मोठा काळ दिला, तो सूक्ष्मदर्शकाच्या आधारे. कुष्ठरोगात सुजलेले मज्जातंतू आज हाच सोनोग्राफीचा प्रोब दाखवू शकतो, आणि हैदराबाद येथे त्यावर चांगले संशोधन झाले आहे.

या चित्राची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. वाढणारा अंकुर मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतका बारीक असतो. तो कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाही. दिसतो तो रस्ता. त्यावरून कोणी चालत आहे की नाही हे मुंग्यांची खूण, विद्युत तपासणी व अखेर रुग्णाचे बोटच सांगते. एम.आर.आय. याच्या थोडे पुढे जातो. १९९० च्या दशकाच्या आरंभी मज्जातंतूंचे वेगळे चित्र घेण्याची पद्धत विकसित झाली. आज्ञा तुटलेला स्नायू त्यात अधिक उजळ दिसतो व जोडणी झाल्यावर पुन्हा पूर्ववत होऊ लागतो. तंतूच्या दिशेने पाण्याचे रेणू कसे सरकतात हे मोजून वाढीचा अंदाज घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पण ते मुख्यतः संशोधन केंद्रांत, आणि आमच्या रुग्णांस परवडणारे नव्हेत.

त्या भगिनीनंतर एक तरुण आला. खिडकीच्या काचेने कोपराखाली मज्जातंतू तुटलेला. तिसऱ्या महिन्यात मुंग्या व्रणावरच थांबलेल्या होत्या आणि सोनोग्राफीत गाठ व हरवलेली जुडगी दिसली. त्यास पुण्यास पाठविण्यात आले. तेथे गाठ काढून पोटरीतील एका स्पर्शतंतूचा तुकडा मध्ये जोडण्यात आला. मुंग्या आता मनगटाच्या पुढे गेल्या आहेत. करंगळीची पकड येईल किंवा नाही हे आज सांगता येत नाही. तो दर महिन्यास येतो.

आता प्रश्न उरतो तो फडावरील रुग्णांचा. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झालेल्या मजुराचा तिसरा महिना महाशिवरात्रीच्या सुमारास, म्हणजे ऐन हंगामात येतो. यंत्र उचलून फडावर न्यावे असे कोणी सुचविले होते. परंतु गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी केलेल्या कायद्याची सोनोग्राफी यंत्रांवर कडक बंधने आहेत, आणि या यंत्राचा झालेला गैरवापर पाहता ती असावीत असेच आम्हांस वाटते. ठोकण्याच्या कसोटीस मात्र यंत्र लागत नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात अल्पशिक्षित ग्रामीण भगिनींना आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्या मानाने आमचे काम अगदी सोपे आहे. आमचे दोन कार्यकर्ते आता हंगामात कारखान्यांच्या तळांवर जातात, ठोकून पाहतात व मुंग्या कोठपर्यंत आल्या तेथे शाईने खूण करून माप लिहून घेतात. ज्यांची खूण पुढे सरकलेली नसते, त्यांनाच सोनोग्राफीस आणले जाते. जाण्यायेण्याचे भाडे व बुडालेली मजुरी रुग्णालय देते. डिस्चार्ज कार्ड आता मराठीत असते. त्यावर पुढील भेटीच्या तारखेशेजारी सण लिहिलेला असतो, आणि खाली ठळक अक्षरांत एवढेच: तवा दुसऱ्या हाताने धरावा.