ओसरीवरचा कागद माडीवर

समजा, एका घरात दोन संगणक आहेत. एक ओसरीवर, एक माडीवर. ओसरीवरच्या संगणकात सातबाराचे उतारे आणि दुधाचा हिशेब आहे. तो माडीवर बसून पाहायचा आहे. दोन्ही संगणक एका राउटरला जोडले की त्यांचे जाळे होते. त्या जाळ्यातून एकाचे फोल्डर दुसऱ्याला उघडता येते. पण कधी फोल्डर दिसतच नाही. अशा वेळी भराभर बटणे दाबू नयेत. जवळच्या कारणापासून शोध घ्यावा.

ओसरीवरचा संगणक जागा आहे ना? बराच वेळ हात लागला नाही की तो झोपी जातो. मग हाकेला ओ कुठून देणार! तो घरच्या वायफायवर आणि दुसरा कुणाच्या मोबाइलवर, असेही होते. मग भेट व्हायची कशी?

पुढे विंडोजची सेटिंग पाहा. घरचे जाळे 'पब्लिक' म्हणून लागले असेल, तर संगणक स्वतःला लपवतो. एसटी स्टँडवर ते बरोबरच आहे. घरात 'प्रायव्हेट' करावे. फोल्डर 'शेअर' केले आहे का, तेही पाहावे.

आता खरी गोम. संगणक नाव आणि पासवर्ड विचारतो. आमच्या वर्गातली पुष्कळ मंडळी इथेच अडतात. ती रोजचा पिन टाकतात. पिन त्या एका संगणकापुरताच असतो, जाळ्यातून तो चालत नाही. इथे ओसरीवरच्या संगणकातल्या खात्याचे नाव आणि त्याचाच पासवर्ड लागतो.

कुणी म्हणेल, 'पासवर्ड काढा, जुनी एसएमबी-१ पद्धत चालू करा, झाले काम.' आम्ही म्हणतो, तसे करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातकी प्रोग्राम याच जुन्या पद्धतीच्या फटीतून संगणकांत शिरला. एकातून दुसऱ्यात आपोआप पसरला. लोकांच्या फायलींना कुलूप घालून तो पैसे मागे. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांतून रोग्यांना परत जावे लागले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. पुष्कळांनी ती घेतली नव्हती!

राउटरला लावलेली एखादी जुनी डिस्क त्याच पद्धतीवर अडून बसते. ती काढून सरळ संगणकाला जोडून पाहावी आणि कागद उतरवून घ्यावेत.