जीन बरोबर, झेरॉक्स जास्त

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा मावशीचा बायोप्सी रिपोर्ट आला होता. स्तनाचा कॅन्सर, आणि खाली एक ओळ : 'हर-टू ३+'. घरात इंजिनिअरिंगवाला मीच, म्हणून कागद माझ्या हातात. ई अँड टीसीच्या पोराला त्यातलं काय कळणार? पण वाचत गेलो आणि गोष्ट आपल्याच लाइनची निघाली.

हर-टू हा १७ नंबरच्या क्रोमोसोमवरचा जीन. पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. त्यावरून बनणारं प्रोटीन पेशीच्या आवरणावर अँटेनासारखं बसतं. दोन अँटेना जुळले की 'वाढा, दोनाचे चार व्हा' असा निरोप आत केंद्रकापर्यंत पोचतो. त्याच्या भावंडांना जुळायला बाहेरून एखादा रेणू यावा लागतो. हर-टूला लागत नाही, तो सदा तयार! म्हणून तो मोजकाच असलेला बरा.

मित्रांनो, गडबड इथेच होते. काही गाठींत या जीनच्या झेरॉक्स निघत जातात. नेहमीच्या पेशीवर हजारोंनी असणारे अँटेना मग लाखांवर जातात. एवढ्या गर्दीत जोड्या आपोआप जमतात आणि निरोप थांबतच नाही. गॅदरिंगला गेन फार चढवला की कोणी न बोलताही स्पीकर किंचाळतो, तसं काहीसं. (तंतोतंत नाही, तिथे आवाज परत माइकमध्ये शिरतो.) मला वाटायचं, कॅन्सर म्हणजे जीनच बिघडलेला. इथे बहुतेक वेळा जीनमध्ये एक अक्षरही चुकलेलं नसतं!

१९८७ मध्ये अमेरिकेत डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासल्या. ज्यांत प्रती जास्त, त्यांचा आजार लवकर उलटत होता. म्हणजे तेव्हा ३+ ही वाईटच बातमी. १९९८ मध्ये तिथे ट्रास्टुझुमॅबला मंजुरी मिळाली. ही अँटिबॉडी नेमकी याच अँटेनाला जाऊन चिकटते. शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत हर-टू जादा असतो. बाकीच्यांना या औषधाचा फायदा नाही. म्हणून आधी टेस्ट. २+ आला तर जीनच्या प्रती मोजतात, ३+ ला तेही लागत नाही. हृदयाच्या स्नायूलाही हर-टू लागतो, त्यामुळे अधूनमधून इको करावा लागतो.

मावशीला हे झेरॉक्सच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "मग ते मशीनच बंद करा की!" मशीन बंद होत नाही गं, निघालेल्या कॉप्या फक्त अडवता येतात. दर तीन आठवड्यांनी सलाईन, वर्षभर. परवा सहावं झालं.