शेवटचा हात



गेल्या वर्षी आठवीच्या वर्गास 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका विद्यार्थ्याचे पहिलेच वाक्य असे होते : "माझे वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड भाजतात." मी कलाशाखेचा पदवीधर, मराठी शिकविणारा मनुष्य. भाकरी भाजतात, पापड भाजतात, कापड भाजत नाहीत, एवढे मला ठाऊक होते. 'भाजतात' या शब्दाखाली मी तांबडी रेघ ओढली आणि समासात 'विणतात' असे लिहून वही परत केली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "सर, विणायचे काम लूमवर होते. माझे पप्पा स्टेंटरवर आहेत. तिथे कापड भाजतातच." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, परंतु आपल्या वडिलांचे काम गुरुजींनी परस्पर बदलून टाकले, याचे दुःख मात्र होते. प्रस्तुत लेख हे त्या तांबड्या रेघेचे प्रायश्चित्त होय.

आपल्या सुरतेत लूमवरून उतरलेल्या कापडास 'ग्रे' म्हणतात. ते हाताला राठ लागते, त्याला तेलाचा आणि खळीचा वास असतो. ते धुवावे लागते, रंगवावे किंवा छापावे लागते. आणि हे सर्व झाल्यावरही ते दुकानात मांडण्याजोगे होत नाही. मग त्यावर जी शेवटची प्रक्रिया करतात, तिला 'फिनिशिंग' असे नाव आहे. 'अंतिम संस्कार' असे भाषांतर करण्याचा मोह मला झाला होता, पण ते ऐकून घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी कानांवर हात ठेवले असते. मूर्तिकार गणपतीवर शेवटचा हात फिरवितो, तसाच हा कापडावरचा शेवटचा हात.

ही कल्पना नवी नाही. आमच्या कोंकणात आषाढाच्या पावसात आजोबा घोंगडी पांघरून शेतावर जात. पाऊस तिच्यावरून ओघळून जाई, कारण लोकरीच्या तंतूंवर मूळचा मेद असतो. घोंगडीच्या सुतास चिंचोक्यांची खळ देतात, हे मला पुढे कळले. आणि त्याच चिंचोक्यांचे पीठ सुरतेच्या छपाईत रंग घट्ट करण्यासाठी वापरतात, हे तर त्या मुलाच्या वडिलांनीच सांगितले. चिंचोके फुंकून सारीपाट खेळणाऱ्या आम्हांला त्यांची ही योग्यता कुठली ठाऊक!

आता भाजण्याविषयी. रसायनाचे सौम्य द्रावण एका कुंडात असते. कापड त्यात बुडून वर येते व दोन रुळांमध्ये पिळले जाते, म्हणजे द्रावण सर्वत्र सारखे मुरते. मग त्याचे दोन्ही काठ साखळीवरील चिमट्यांत किंवा सुयांत धरून ते ताणलेल्या स्थितीत तप्त हवेच्या कप्प्यांतून पुढे नेतात. हेच स्टेंटर यंत्र. प्रथम पाणी उडून जाते. पुढे सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास अनेक रसायनांचे तंतूशी किंवा आपसांत बंध जुळतात. पॉलिएस्टर कापडाचा आकार कायम करण्यासाठी तर १८० ते २०० अंशांपर्यंत उष्णता देतात. भाकरी याहून वेगळी काय भाजतात? उष्णता कमी पडली तर रसायन पहिल्याच धुण्यात निघून जाते; अधिक झाली तर कापड पिवळे पडते. यंत्रावर उभा असलेला मनुष्य हेच सांभाळत असतो.

सुती सदरा धुतला की चुरगळतो, याचे कारण मोठे मनोरंजक आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो, आणि या साखळ्या एकमेकींचे हात सैल धरून उभ्या असतात. पाणी मध्ये शिरले की हात सुटतात, साखळ्या सरकतात, आणि वाळताना जेथे असतील तेथेच पुन्हा हात धरतात. ती नवी जागा म्हणजेच सुरकुती. मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली या कंपनीच्या संशोधकांनी युरिया व फॉर्माल्डिहाइड यांच्या साहाय्याने यावर तोड काढून १९२६ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या विदुषीने साखळ्यांना पक्क्या पुलांनी जोडण्याच्या या शास्त्रात मोलाची भर घातली. इस्त्रीवाचून चालणाऱ्या सुती कपड्यांचे पुष्कळसे श्रेय त्यांच्याकडे जाते. परंतु साखळ्या जखडल्या की तंतूची लवचिकता जाते आणि कापड लवकर फाटते. शिवाय फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधनसंस्थेने २००४ मध्ये मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य ठरविले. म्हणून अशा फिनिशांत त्याचे प्रमाण अत्यल्प ठेवण्याचे प्रयत्न चालतात. नवा कपडा एकदा धुवून मगच अंगात घालावा, हा आपल्या आयांचा आग्रह अगदी शास्त्रशुद्ध आहे.

सुरतेचा मुख्य व्यवहार मात्र पॉलिएस्टरचा, आणि त्याची खोड कापसाच्या नेमकी उलट. व्हिन्फील्ड व डिक्सन या इंग्रज रसायनज्ञांनी १९४१ मध्ये शोधलेला हा तंतू चुरगळत नाही, पण पाण्याशी त्याचे जमत नाही. सामान्य हवेत १०० ग्रॅम कापूस ७-८ ग्रॅम ओलावा धरतो. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ ग्रॅम. त्यामुळे घाम अंगावरच राहतो, आणि हिवाळ्यात साडी अंगाला चिकटून चटचट आवाज करते, कारण घर्षणाने साचलेली वीज वाहून नेण्यास ओलावाच नसतो. यावर उपाय म्हणून पाण्याची ओढ असलेल्या रसायनाचा पातळ थर तंतूंवर देतात. घाम त्यावर पसरतो व लवकर वाळतो, वीजही साचत नाही.

साडीला रेशमासारखा लोळ यावा म्हणून केली जाणारी एक क्रिया तर मला अद्भुत वाटली. कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात पॉलिएस्टर ठेवले की त्याचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो, तंतू बारीक होतात, आणि १०० किलो कापडाचे पुष्कळदा ८० ते ८५ किलोच उरते. कामगार यास 'वेट रिडक्शन' म्हणतात. गिऱ्हाईक म्हणते, काय सुरेख पोत! पण मग ते १५-२० किलो गेले कोठे? पाण्यात. सोड्यासह, टेरेफ्थॅलिक आम्लाच्या क्षारांच्या रूपाने, ते मिलच्या गटारात उतरले.

येथे मला थांबणे भाग आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील व काका धुळ्या-जळगावाहून या शहरात आले ते याच मिलांच्या आधारावर. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील टाकाऊ रसायन नाल्यात सोडण्यात आले. विषारी वायू उसळला, आणि शेजारच्या छपाई-रंगाईच्या मिलमधील ६ कामगार प्राणास मुकले. ते रसायन त्या मिलचे नव्हते. मेलेल्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. उलट बाजूही सांगितली पाहिजे : शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविणारा, दररोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प महानगरपालिकेने २०१४ पासून बमरोली येथे चालविला. तापीचे तेवढे पाणी पिण्यासाठी राखले गेले. परंतु हातमोजे, चष्मा आणि तोंडावरची जाळी यांचा प्रश्न ज्याच्या त्याच्या खात्यातच सुटावयाचा आहे. वडिलांना ती मिळतात की नाही, हे घरी अवश्य विचारा.

आगीविषयी थोडक्यात सांगतो. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या सांगण्यावरून रसायनज्ञ गे-ल्युसाक याने नाटकगृहातील पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट व टाकणखार यांचा १८२१ मध्ये उपयोग सुचविला. ती पुटे दिलेले कापड ज्वाळेने भडकण्याऐवजी कोळसते. आपल्या नेहमीच्या कपड्यांवर असे काही नसते. सुती कापड भडकते. पॉलिएस्टर वितळून कातडीस चिकटते. दिवाळीत फटाक्यांपाशी झुळझुळीत ओढण्या नकोत.

राहता राहिले पाणी न भिजविणारे कापड. अळवावरचे पाणी आपण म्हणीत वापरतो. अळूच्या पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून थेंब पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. कापडावर मेण, सिलिकोन किंवा फ्लोरीनयुक्त द्रव्ये देऊन हेच साधतात, आणि रबराच्या कापडाप्रमाणे हवेचा मार्ग मात्र बंद होत नाही. फ्लोरीनची द्रव्ये सर्वांत गुणकारी, पण निसर्गात ती नष्टच होत नाहीत; त्यांतील दोन कुप्रसिद्ध द्रव्यांवर स्टॉकहोम कराराखाली २००९ व २०१९ मध्ये निर्बंध आले.

आम्ही शाळेच्या ओसरीवर एक निरुपद्रवी प्रयोग केला. सुती रुमाल साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळला, नंतर तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळविला. साबणातील मेदाम्ल व तुरटीतील ॲल्युमिनियम यांचा न विरघळणारा थर धाग्यांवर बसतो. पहिल्या खेपेस रुमाल पूर्वीसारखाच भिजला, आणि मुले माझ्याकडे पाहू लागली. चूक माझीच, मी धुण्याची पावडर वापरली होती, तीत मेदाम्लाचा साबण नसतो. दुसऱ्या खेपेस वडीचा साबण किसून घेतला. या वेळी थेंब रुमालावर मोत्यासारखा उभा राहिला. आम्ही ६० पर्यंत आकडे मोजले, तरी तो हलला नाही. रुमाल एकदा धुतल्यावर थेंब २० आकड्यांत मुरला, दुसऱ्यांदा धुतल्यावर ६ आकड्यांत. "सर, तुम्ही तो भाजला नाहीत ना," निबंधवाला मुलगा म्हणाला.