पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो

फिजिओथेरपीत पेशंट आपल्याकडे येतो तो बरा व्हायला. त्यामुळे खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन दारापर्यंत आलेले काका रातोरात गेले की काही सुचेनासं होतं. अशा प्रसंगांतून गेल्यावर उमगलेलं थोडंफार:

१. पहिला विचार येतो, ‘माझ्या व्यायामाने तर नाही ना?’ तो झटकू नका, केसपेपर काढा. नाडी, ऑक्सिजन, पोटरीची सूज, दम, सगळं ओळीने वाचा. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांतही जातो. ती होऊ नये म्हणून तर आपण घोटे हलवायला लावतो, लवकर उभं करतो. डॉक्टर रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. तरी धोका उरतोच.

२. सर्जनशी बोला. पण घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पोस्टमॉर्टेम बहुधा होत नाही. ‘अटॅक असेल’ एवढ्यावर विषय मिटतो. नक्की काय झालं ते कधीच कळणार नाही, हे मला फार जड गेलं.

३. सुनेचा फोन येतो, “ताई, आजपासून येऊ नका.” तरी जा. दिवस झाल्यावर, गर्दी ओसरली की. एका काकूंनी मला विचारलं होतं, “आदल्या दिवशी जास्त चालवलं का हो त्यांना?” मी सांगितलं, “दारापर्यंत चालले, दम लागला नव्हता. खुर्चीत बसून चहा मागितला.” काकू चहाबद्दलच बोलत राहिल्या. अशा वेळी गुठळीवर व्याख्यान देऊ नये.

४. आगाऊ घेतलेले पैसे आपणहून परत करा.

५. शोकाचे पाच टप्पे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या फिजिओला टप्पे गाठायला सवड कुठली? तिची अकराची अपॉइंटमेंट असते.

६. घरचे म्हणतात, “त्यात तुझा काय दोष?” आणि जेवायला वाढतात. प्रेमच ते, पण बोलणं तिथेच खुंटतं. याच धंद्यातली मैत्रीण गाठा. ती सगळं खोदून विचारते आणि ऐकूनही घेते. झोपच उडाली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

७. नंतरच्या खुब्याच्या पेशंटला हात लावताना धास्ती वाटते. ‘आज राहू दे, पलंगावरच करू,’ असं तोंडून निघून जातं. मला हेच सगळ्यात घातक वाटतं, कारण पडून राहिल्याने गुठळीचा धोका वाढतो. नाडी बघा, दोन्ही पोटऱ्या चाचपा, आणि सगळं ठीक असेल तर त्या दिवशी ठरलेलं चालणं पुरं करून घ्या.