कृषी सेवा केंद्र आणि व्यवसाय कर

खते, बियाणे व कीटकनाशके यांचे परवाने गावोगावचे दुकानदार बहुधा जपून ठेवतात, कारण गुणनियंत्रण निरीक्षक ते पाहावयास मागतो. व्यवसाय कराचे कागद सहसा कोणी मागत नाही. साहजिकच ते मागे पडतात आणि एके दिवशी मागील वर्षांची बाकी व्याजासह भरण्याची पाळी येते.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या अधिनियमान्वये आकारला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे तो एका व्यक्तीवर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक बसविता येत नाही. रक्कम बेताची आहे. घोटाळा होतो तो प्रमाणपत्रांचा. ती दोन असून एक घेतल्याने दुसऱ्याची गरज सरत नाही.

पहिले, ज्यास व्यवहारात ‘पीटीईसी’ म्हणतात, ते मालकाच्या स्वतःच्या कराचे. वस्तू व सेवा कराखाली नोंदलेल्या दुकानदारास वर्षाला २,५०० रुपये लागतात. जुन्या नोंदणीदाराने ते ३० जूनपूर्वी भरावेत. यास विवरणपत्र नसते. शेतकरी उत्पादक कंपनीसही कंपनी या नात्याने हा कर आहे, हे पुष्कळ संचालकांच्या गावी नसते.

दुसरे ‘पीटीआरसी’. नोकरांच्या पगारातून कापावयाच्या करासाठी ते घ्यावे लागते. समजा, दुकानात मासिक १२,००० रुपयांवर एक पुरुष मदतनीस आहे. त्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये कापावेत; वर्षाचे २,५०० होतात. त्याच पगारावर स्त्री असेल तर काहीच कापावयाचे नाही, कारण एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर सूट आहे. कर कापला नाही तरी तो भरण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. ‘गड्याने कापू दिले नाही’ ही सबब चालत नाही.

येथे विवरणपत्र मात्र द्यावे लागते. वार्षिक कर एक लाखाच्या आत असणाऱ्यांनी मार्च ते फेब्रुवारी या बारा महिन्यांचे एकच विवरणपत्र ३१ मार्चपर्यंत राज्य कर विभागाच्या संकेतस्थळावर, कर भरून, सादर करावे. उशीर झाल्यास करावरील व्याजाखेरीज विलंबशुल्कही पडते.

दुकान बंद केले तर दोन्ही प्रमाणपत्रे रद्द करण्याचा अर्ज त्याच वेळी करावा. कुलूप लावल्याने खाते बंद होत नाही.