मिड घेण्याआधी कान तपासून घे

खामगाव

चिरंजीव भाच्यास,

ताईचा फोन आला होता. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पोराच्या कानात सूं आवाज येतोय म्हणतो. पण तू त्याला काही बोलू नको, माझ्यावर चिडेल." मी बोलणार आहे. तुला चिडायचं तर माझ्यावर चीड.

दुसरी गोष्ट मेहकरहून आलेल्या एका माणसाने सांगितली. तू म्हणे एका साउंडवाल्याला इसार देऊन आलास. साडेसहा इंची, तीनशे वॅटचा, डीजेच्या टॉपमधून काढलेला मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा स्पीकर. आणि तू बनवतोयस तो स्पीकरचा बॉक्स तयार झाला की लग्नात भाड्याने देणार. भाड्याचं खरं की खोटं ते तुझं तुला ठाऊक. पण इसाराचं खरं असेल तर थांब, आणि कानाचं खरं असेल तर आजच थांब.

आधी कानाचं. मोठ्या आवाजानंतर कानात सूं होतं तेव्हा आतल्या बारीक केसांच्या पेशी थकलेल्या असतात. एका कानात त्या पंधरा हजारांच्या आसपास असतात, आणि माणसात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. सूं एक-दोन दिवसांत थांबलं तरी सगळं पूर्ववत झालं असं समजू नकोस. आवाजाने होणारी इजा पहिल्यांदा दिसते ती ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्टीत, बहुतेक वेळा ४००० च्या आसपास. आता तुझ्याच बॉक्सचा नकाशा काढ. मिड संपून ट्वीटर सुरू होतो ती जागा कुठे आहे? ३००० ते ४०००. म्हणजे ज्या सांध्यासाठी तू रात्री जागून कॉइली गुंडाळतोस, तो ऐकायला लागणारं हत्यारच तू आधी बोथट करतोयस. पत्र्याच्या त्या खोलीत, कोनाला कान लावून, फुल आवाज सोडून तपासतोस ना? ताईने तेही सांगितलं.

आता मिडचं. तुझा वूफर चांगला आहे, आपण दोघांनी मिळूनच आणलेला. त्याच्या कागदावर ८८ डेसिबल लिहिलंय, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८. ट्वीटर ९० चा. आणि तू आणतोयस तो मिड ९७ चा असणार, कारण डीजेचे मिड बहुतेक ९५ च्या वरच असतात. ते मैदानासाठी घडवलेले असतात, लोकांच्या गर्दीवरून आवाज फेकायला. ९ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत आठपट. वूफरशी जुळवून घ्यायला तुला त्या मिडच्या वाट्याच्या शक्तीतले आठात सात भाग पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टरमध्ये उष्णता करून जाळावे लागतील. तू जाळणार नाहीस. मी तुला ओळखतो, तू म्हणशील 'बॉक्स जोरात वाजतोय ना', आणि तसाच सोडशील. मग गाणाऱ्याचा गळा पुढे येऊन कानावर आदळेल, मृदंग मागे राहील, आणि तू मृदंग ऐकू यावा म्हणून आवाज आणखी वाढवशील. माझी भीती इथे आहे.

हिशेब करून बघ. त्या ९७ च्या मिडला नुसते आठ वॅट मिळाले तर एक मीटरवर १०६ डेसिबल. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत जी मर्यादा शास्त्रज्ञांनी ठरवली ती ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मी. १०० ला पंधरा मिनिटं. १०६ ला चार मिनिटंसुद्धा पुरती नाहीत, आणि तीही दिवसभराची. तू एका रात्रीत किती वेळ तिथे बसतोस?

तुला लागणारा मिड वेगळा आहे. पाच इंची, कागदाच्या किंवा पॉलीप्रॉपिलीनच्या कोनाचा, ९० ते ९१ डेसिबलचा. वूफरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे रेझिस्टरने थोडा दाबून जुळवता येतो. कमी असला तर काही करता येत नाही, वूफरचाच गळा आवळावा लागतो. डब्यावर छापलेल्या वॅटकडे बघू नकोस. पाचशे हर्ट्झच्या खालचं सगळं वूफर उचलतो, घरात मिडच्या वाट्याला मोजके वॅट येतात. त्यातून कोणी पीएमपीओचा, म्हणजे फुगवलेल्या वॅटचा, आकडा दाखवला तर त्या दुकानातून उठून ये.

पाच इंचीच का, तर पाच इंची मिडचा हलणारा कोन साधारण दहा सेंटीमीटरचा भरतो, आणि ३४०० हर्ट्झच्या लहरीची लांबीही तेवढीच. लहर कोनापेक्षा लहान होऊ लागली की आवाज सरळ रेषेत, विजेरीच्या झोतासारखा जातो. आठ इंची मिड लावलास तर २००० च्या वरच हे सुरू होईल. समोर बसलेल्या तुला छान वाटेल, बाजूला चुलीपाशी बसलेल्या तुझ्या आईला शब्द कळणार नाहीत. पाच इंची मिड ३००० ला सोडून दे, पुढे ट्वीटरला सांभाळू दे.

कागदावर एफ-एस, म्हणजे मिडचा कोन स्वतःहून ज्या सुरावर घुमतो तो आकडा, बघायला विसरू नकोस. खालचा क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि मिडचा सांधा, त्याच्या निदान दुप्पट तरी वर हवा. मिडला बॉक्समध्ये स्वतःची बंद खोली दे, तीन-चार लिटरची. नाहीतर वूफरचा मागचा दाब त्याचा कोन हलवत राहील आणि मृदंगाच्या प्रत्येक थापेला गाणाऱ्याचा आवाज थरथरेल. त्या खोलीत सरकी काढलेला कापूस सैलसर भर, दाबून नको. बाजारातला तयार क्रॉसओव्हर घेऊ नकोस. आठ ओहमला पाचशे हर्ट्झसाठी साधा हिशेब चाळीस मायक्रोफॅरडच्या जवळ येतो, पण खऱ्या मिडचा ओहम प्रत्येक सुरावर बदलतो, म्हणून हा आकडा फक्त सुरुवातीचा. कपॅसिटर नॉन-पोलरच लाव. साधा इलेक्ट्रोलिटिक लावून तो फुटला तर दोष मिडचा नाही.

खूप रागावलो का? असेल. पण हे सगळं मी एका माणसाच्या आवाजासाठी सांगतोय, तुला कळलंच असेल.

हा बॉक्स तू सुरू केलास तो आबांची कॅसेट ऐकायला. देवळात कोणीतरी माइकसमोर धरून भरलेली काकड आरती, त्यात दोन अभंग आबांचे. माझ्या वडिलांचा आवाज या जगात तेवढाच उरलाय. मी तरुण होतो तेव्हा आमच्याकडे टेपरेकॉर्डर यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा मी मंडपवाल्याबरोबर गावोगाव कर्णे बांधत फिरत होतो. देऊळगावराजाची बालाजीची यात्रा, सैलानीची यात्रा, सिंदखेडराजाला जिजाऊंची जयंती. कर्णा झाडावर बांधायचा, खाली अॅम्प्लिफायर, आणि त्याच्याच खाली आमचं अंथरूण. कान वाजायचे तर आम्ही म्हणायचो, कामाची सवय होतेय. तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. आज आवाजाचे नियम आहेत, २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. आमच्या काळी आवाज जितका लांब जाईल तितकी मंडपवाल्याची कीर्ती.

आता मी 'सात' आणि 'हात' यातला फरक समोरच्याच्या ओठांवरून ओळखतो. तुझ्या मामीला वाटतं मी लक्ष देत नाही. 'स', 'श', 'फ' यांचा बराच भाग वरच्या पट्टीत असतो, आणि ती पट्टी माझी गेली. गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर मेहकरहून खामगावात येते तेव्हा मी रस्त्यावर उभा असतो, मृदंग स्पष्ट ऐकू येतो, टाळांची वरची झणझण मात्र नाही. बाकी लोक ज्या आवाजाने डोळे पुसतात तो मला आठवणीतून भरून घ्यावा लागतो. हे मी ताईला कधी सांगितलं नाही. तुला सांगतोय.

म्हणून आबांची ती कॅसेट आता तुझ्या कानांनी ऐकायची आहे. माझ्या कानांचा भरवसा धरून मिड निवडू नकोस, मी तुला आकडे सांगू शकतो, निवाडा तुझा. त्याची रीत मात्र सांगतो. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा छोटा बॉक्स केला, एलएस थ्री फाइव्ह ए. त्यातही पाच इंचीच कोन होता. बीबीसीची परीक्षा अशी की बोलणाऱ्या माणसाचा आवाज भरायचा आणि तोच माणूस जवळ असताना बॉक्समधून वाजवून ताडून बघायचा. तू ताईला बसव. तिच्याकडून हरिपाठाच्या चार ओळी वाचून घे, फोनवर नीट भर. मग बॉक्समधून लाव, ती बोलते तेवढ्याच आवाजात, जास्त नाही. डोळे मिटून एकदा ती, एकदा बॉक्स. तिचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटला तर ८०० ते १००० च्या आसपास मिड फुगलाय. 'स' टोचला तर सांधा बिघडलाय, मिडच्या तारा उलट्या करून पुन्हा बघ. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी न्यायचा, आणि तरी मुंबईहून ताईचं 'हॅलो' आलं की आबा अंगणातून उठून येत. आपल्या माणसाची ओळख त्या पट्टीत असते. तिथे चूक असेल तर खालचा धडधडाट आणि वरची चकाकी फुकट.

आणि मिड नीट बसला की तुला आवाज वाढवावासा वाटणार नाही. शब्द कळत नाहीत म्हणून आपण बटण फिरवतो. शब्द कळले की हात आपोआप थांबतो.

इसाराचे पैसे गेले तर जाऊ दे, त्या साउंडवाल्याशी भांडू नकोस. गावात उद्या त्याच्याशी काम पडेल. चांगला मिड अकोल्यात मिळाला तर ठीक, नाहीतर शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाऊ, लॅमिंग्टन रोडवर. दोन्ही बॉक्सचे मिड एकाच वेळी, एकाच दुकानातून घेऊ. पैसे माझे. भाड्याने द्यायचा विचार खराच असेल तर त्यासाठी वेगळा बॉक्स करू, मी शिकवीन, पण त्या दिवशी तू कानात बोळे घालून उभा राहशील एवढं वचन दे.

तोवर बॉक्स बंद. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घे, ४००० च्या जागी रेघ खाली गेलीय का ते विचार. एकटं जायला नको वाटत असेल तर कळव, मी मेहकरला येतो, दोघेही तपासून घेऊ. नंतर इकडे ये. मामीने वांगी आणून ठेवलीत, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत करेल. तू लहानपणी भरीत खाताना बडबड करायचास आणि आबा म्हणायचे याला कोणी गप्प करा. कोणी केलं नाही, बरं झालं.

ताईवर रागावू नकोस. तिने मला सांगितलं ते भीतीने, आणि तिची भीती खरी आहे. रिपोर्ट कसाही आला तरी पहिला फोन मला कर, आणि बोलताना जरा सावकाश बोल.

तुझा मामा